मर्यादेच्या वर तीनशे चाळीस

"तुम्ही दोघं दिवाळखोर होऊ शकत नाही," वकीलबाई म्हणाल्या, आणि माझ्या बायकोनं सवयीनं "थँक्यू" म्हटलं. वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, ही चांगली बातमी नाहीये." "हो का," बायको म्हणाली, "ऐकायला बरी वाटली म्हणून म्हटलं." मी हसलो नाही, कारण माझं लक्ष टेबलावरच्या कागदाकडे होतं. वकीलबाईंनी तो आमच्याकडे वळवून ठेवला होता आणि पेनाच्या मागच्या टोकानं खालच्या बेरजेवर टकटक करत होत्या. कायद्याचं साधं होतं: दोन माणसांच्या घरात महिन्याला चौदा हजार सहाशेपेक्षा कमी येत असतील तर कोर्ट म्हणतं, जा, तुमची कर्जं मिटली, पुन्हा असं करू नका. आमची बेरीज चौदा हजार नऊशे चाळीस भरली होती. म्हणजे मर्यादेच्या वर तीनशे चाळीस. बुडणाऱ्याला काडीचा आधार असतो म्हणतात, पण आधी नीट बुडायला तर हवं. पाणी नाकाच्या वर असायला हवं होतं, आमचं नाकाच्या खाली बोटभर राहिलं होतं. शाळेत असताना मी एकदा नापासही झालो नव्हतो आणि पासही. गणितात दोन गुण कमी पडले म्हणून मास्तरांनी निकालावर पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं होतं. आत्ताही आम्ही तसेच मध्ये लटकलो होतो. पण तेवढ्यावर ते थांबलं नाही. बेरजेच्या वर दोन रकाने होते, पती आणि पत्नी. माझ्या रकान्यात दहा हजार नऊशे चाळीस, म्हणजे पगार, बरोबर. तिच्या रकान्यात चार हजार.

मी तीन हजार दोनशे सांगितले होते. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून आम्ही हा अर्ज भरला तेव्हा मी वहीतून वाचत होतो आणि ती लिहीत होती, कारण तिचं अक्षर चांगलं आहे आणि माझं अक्षर फक्त गोदामातल्या लोकांना लागतं. मी नळजोडणीच्या सामानाच्या गोदामात स्टोअरकीपर आहे. एल्बो, टी, सॉकेट, वायसर; अर्ध्या इंची पितळी एल्बो किती शिल्लक आहेत ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि असा मी तो कागद न वाचता सही करून मोकळा झालो. गोदामात एखाद्या पोऱ्यानं असं केलं असतं तर मी त्याला आठवडाभर वायसर मोजायला बसवलं असतं.

वकीलबाई बोलत होत्या. त्यांचं ऑफिस कर्णयंत्रांच्या दुकानाच्या वर आहे, त्यामुळे जिन्यात भेटणारी माणसं एकतर कर्जबाजारी असतात नाहीतर बहिरी, आणि दोघंही एकमेकांना आपल्यातलंच समजतात. मगाशी एका म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून ओरडून सांगितलं होतं, "घाबरू नका, सवय होते!" वकीलबाई सांगत होत्या, मन घट्ट करा, वाटा संपलेल्या नाहीत. एकेका देणेकऱ्याला पत्र लिहायचं, स्वतःहून, त्यांचा फोन येण्याआधी: आमची मिळकत अशी, खर्च असा, दंड थांबवा, व्याज कमी करा, हप्ता छोटा करून मुदत वाढवा. निम्मे तरी ऐकतात, कारण दिवाळखोरी झाली तर त्यांच्या हातीही भोपळाच. "आणि सगळी कर्जं मिळून एकच मोठं काढलं तर?" मी विचारलं, कारण गोदामातल्या एकानं तसं केलं होतं. "चालतं, व्याज खरंच कमी असेल तर," त्या म्हणाल्या. "अकरा कुत्र्यांऐवजी एक वाघ पाळायचा," बायको म्हणाली, आणि वकीलबाई पहिल्यांदा हसल्या.

अकरा. अकरा देणेकऱ्यांची नावं आम्ही घरात कधी घेत नाही, बायकोनं त्यांना टोपणनावं दिली आहेत. सकाळी आठला फोन करून आधी तब्येत विचारणारा तो सुप्रभात. जिचा आवाज फार गोड आणि व्याज फार कडू ती साखरताई. दर वेळी नवा माणूस बोलायला लावणारी कंपनी म्हणजे वरात. पहिले काही महिने आम्ही हे फोन एकमेकांपासून लपवत होतो, ती न्हाणीघरात जाऊन बोलायची, मी गच्चीवर. मग एके दिवशी सुप्रभात तिला म्हणाला की तुमच्या मिस्टरांनी काल पंधरा तारखेचा वायदा केलाय, आणि ती म्हणाली, मी तर तुम्हाला वीसचा केला होता. आणि त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं टेबलाशी बसलो आणि सगळे कागद मधोमध ओतले. मला हे कुणाला सांगता येत नाही, पण त्या संध्याकाळपासून मी सुखात आहे. दोन लाख एकतीस हजारांचं देणं असलेला माणूस सुखात आहे असं म्हणाला तर लोक त्याला डॉक्टरकडे नेतील. पण लग्नाला सोळा वर्षं झाली, आणि त्यातली मधली दहा आम्ही एकमेकांच्या पाठीकडे बघत काढली. ती शिलाई मशीनवर, मी टीव्हीसमोर. आता दर रविवारी सकाळी आम्ही समोरासमोर बसतो, मध्ये पाकिटं, पिना, टाचण्या, आणि ती म्हणते, "वाचा," आणि मी वाचतो. एकदा तर बेरीज जमली म्हणून आम्ही दोघं नाचलो होतो, आणि बेरीज काही आमच्या बाजूची नव्हती.

"आणखी एक," वकीलबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खाली आला. "हे मी फक्त सांगते, सुचवत नाही. काही जोडपी कागदावर वेगळी होतात. दोन घरं, दोन मिळकती. यांची एकटीची मिळकत मर्यादेच्या खूप खाली आहे आणि कर्जंही बरीचशी यांच्याच नावावर. यांची सुटतील." बायको वकीलबाईंच्या कोटाच्या बाहीकडे बघत होती, बाहीच्या आतलं अस्तर सुटून लोंबत होतं आणि मला ठाऊक होतं की ती गेली वीस मिनिटं स्वतःला आवरते आहे. "कागदावर वेगळं झालं," ती म्हणाली, "तर यांची कटकट कागदावरच राहील का?" वकीलबाई म्हणाल्या, "तसं कोर्टाला करता येत नाही." "मग काय उपयोग," बायको म्हणाली, आणि तो विषय तिथं मिटला. अकरा लोकांचे पैसे बुडवण्यासाठी मला सोडायचं होतं, आणि तिनं ते दुकानात जास्त पिकलेलं फळ बाजूला करावं तसं केलं. पण मी पुन्हा त्या चार हजारांकडे पाहिलं.

शेवटी त्यांनी एका संस्थेचं नाव सांगितलं. तिथली माणसं आपल्या वतीनं सगळ्या देणेकऱ्यांशी बोलतात, आपण महिन्याला एक रक्कम त्यांच्याकडे द्यायची आणि ते ती वाटतात. चार-पाच वर्षांत निपटतं. "पण त्यांनाही हाच कागद द्यायचा, कोर्टालाही हाच. आज सही पक्की झाली की आकडा बदलता येत नाही. मी खाली बाकीच्या कागदांची झेरॉक्स काढून येते. तोवर आकडे पुन्हा एकदा बघा. काही चुकलं असेल तर आत्ताच खोडा." दारात थांबून त्या म्हणाल्या, "नीट बघा हं. तीनशे चाळीस म्हणजे काहीच नाही. लोकांचं लिहिताना होतं इकडंतिकडं." आणि त्या गेल्या. पेन कागदावर आडवं ठेवलेलं होतं.

आता माझी अडचण सांगतो. चार हजार खोडून मी तीन हजार दोनशे लिहिले असते तर मी खरं तेच लिहिलं असतं. वहीत तसंच होतं, पावत्या होत्या. बेरीज चौदा हजार एकशे चाळीस झाली असती, मर्यादेच्या चारशे साठ खाली, आणि अकराच्या अकरा, सुप्रभात, साखरताई, अख्खी वरात, एका रेघेत गेले असते. चूक तिची होती. मला तर ती कशी झाली असेल तेही दिसत होतं. ती शिंपीण आहे. कापड कापताना ती कधी मापाबरोबर कापत नाही, दोन बोटं जास्त ठेवते. कापलेलं वाढत नाही, जास्त असलं तर आत घेता येतं, हे ती शिकायला येणाऱ्या पोरींना रोज सांगते. तिला वाटलं असणार, अर्ज म्हणजे पहिली कच्ची शिलाई. वकीलबाई अंगावर घालून बघतील आणि टाचण्या लावून आत घेतील. कुणी मिळकत वाढवून लिहितं का? जगात लोक ती लपवतात. ही चूक फक्त माझी बायकोच करू शकते, असं मला वाटलं, आणि तिच्याविषयी माया आली, आणि त्या मायेच्या बरोबर खाली, पायरीखाली बसलेल्या मांजरासारखं दुसरं काहीतरी बसलेलं दिसलं.

कारण लपवणारा मीच होतो. गुरुवारी गोदाम सुटल्यावर मी दीड तास रंगवाल्याच्या दुकानात त्याची खाती लिहितो. तो महिन्याला आठशे देतो, रोख, पाकिटाशिवाय. नऊ महिने झाले. वहीत नाहीत, अर्जात नाहीत, घरात नाहीत. पाऊण इंची वायसरच्या रिकाम्या डब्यात, गोदामाच्या सगळ्यात वरच्या फळीवर आहेत, सात हजार दोनशे. मी त्यातला एक पैसा खर्चलेला नाही. मी बाई ठेवलेली नाही, पत्ते खेळत नाही. मग कशासाठी? मी नोकरीला लागलो तेव्हा जुने स्टोअरबाबू होते, त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, "हे बघ, प्रत्येक मालाचे चार नग रजिस्टरच्या बाहेर असू द्यावेत. चोरीसाठी नाही. वर्षाच्या शेवटी मोजणी होते, काहीतरी कमी भरतंच, तेव्हा तिथून भरायचं. ज्याच्याकडे बाहेरचे चार नग नाहीत त्याला झोप लागत नाही." मी एकवीस वर्षं चार नग बाहेर ठेवत आलो आहे. बायकोचं शिलाईचं दुकान बुडालं तेव्हा मला कळलं की घराला तसे नग नव्हते. दुकानाचा हिशेब मीच केला होता, पाइपच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, मागच्या बाजूला: भाडं इतकं, वीज इतकी, धागा, दोन मशीनचा हप्ता, हॉटेलच्या नोकरांचे गणवेश दरमहा इतके. पुठ्ठ्यावर दुकान फार छान चाललं. ती म्हणाली होती, घरातच बरंय हो माझं. मी म्हटलं होतं, आकडे बघ. मग हॉटेल विकलं गेलं, नव्या मालकानं गणवेश बाहेरून आणले, आणि कर्ज तिच्या नावावर राहिलं, कारण दुकान तिच्या नावावर होतं. नातेवाईक म्हणतात, बायकोनं बुडवलं. मी ते कधी खोडलं नाही.

म्हणून आता पेन उचलताना मला सगळं स्वच्छ दिसत होतं. खरी बेरीज तिचे तीन हजार दोनशे, माझा पगार आणि माझे आठशे. चौदा हजार नऊशे चाळीस. म्हणजे तिची चूक आणि माझी लबाडी मिळून कागदावर पैशापैशानं खरा आकडा उभा राहिला होता, आणि तो खोटा करायला मला फक्त एक खरी गोष्ट लिहायची होती. रंगवाला कुणाला सांगणार नव्हता. वकीलबाई मुद्दाम झेरॉक्सला गेल्या होत्या की काय, देव जाणे. पाच वर्षं हप्ते की एक रेघ? मी पेनाचं टोपण काढलं. खालून कर्णयंत्राच्या दुकानातून कुणीतरी पुन्हा पुन्हा विचारत होतं, "आता? आता येतंय ऐकू?"

"तू इथं चार हजार लिहिलंस," मी म्हटलं.

"हो."

"मी तीन हजार दोनशे सांगितले होते."

"हो."

"मग?"

"असू द्यावं थोडं सैल," ती म्हणाली. ती खिडकीकडे बघत होती. "खोडायचं असेल तर खोडा. पेन तुमच्याच हातात आहे."

मी पेन कागदावर टेकवलं. चारच्या आकड्याच्या डोक्यावर एक निळा ठिपका पडला. तो ठिपका मी किती वेळ बघत होतो ते सांगता येणार नाही. मला वाटलं मी खोडेन, कारण हात खोडायच्या बाजूनं होता. पण मग पुढचा रविवार दिसला. टेबल रिकामं, पाकिटं नाहीत, ती "वाचा" म्हणत नाही, आणि मी समोर बसलो आहे, वरच्या फळीवरचा डबा डोक्यात घेऊन, आणि ती साऱ्यांना सांगते आहे, बाई गं, माझ्याच वेंधळेपणानं अडलं होतं सगळं, यांनी सावरलं. ते "यांनी सावरलं" मला ऐकवेना. मी म्हटलं, "मला एक सांगायचंय. गुरुवारी मी—"

"रंगवाल्याकडे जाता. आठशे देतो. माहीत आहे."

पेन माझ्या हातात तसंच राहिलं. "कधीपासून?"

"त्याची बायको आली तेव्हापासून. दर तीन महिन्यांनी कंबर सैल करून न्यायला येते बिचारी. म्हणाली, तुमचे मिस्टर खाती फार छान लिहितात हो, दोन बिस्किटं ठेवली तर एकच खातात. मी म्हटलं, घरी तर अख्खा पुडा संपवतात."

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले की," ती म्हणाली. "रविवारी. लिहून बोलले. तीन हजार दोनशे आणि आठशे."

मी मनातल्या मनात बेरीज केली. इतकी सोपी बेरीज मला इतका वेळ कधी लागला नव्हता. "माझे आठशे तुझ्या रकान्यात लिहिलेस?"

"तुमच्या रकान्यात लिहिले असते तर तुम्ही तिथंच पेन हिसकावलं असतं. माझ्या रकान्याकडे तुम्ही बघत नाही." हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती धाग्याचा रंग सांगावा तसं म्हणाली. "मला वाटलं, सही करताना तरी वाचाल. नाही वाचलंत. मग म्हटलं, वकीलबाईंकडे वाचतील. आज वाचलंत."

"आणि मी खोडलं असतं तर?"

"तर मी थँक्यू म्हटलं असतं," ती म्हणाली. मला त्याचा अर्थ विचारायचा धीर झाला नाही. तिनं हात पुढे करून माझ्या हातातल्या पेनाला टोपण लावलं. "कुठं ठेवलेत?"

"डब्यात. सात हजार दोनशे."

"एवढे!" ती खुर्चीत सरळ बसली, आणि तिच्या चेहऱ्यावर तो भाव आला जो उरलेल्या तुकड्यातून बाही निघेल असं दिसल्यावर येतो. "सुप्रभातचं तेरा हजार राहिलंय ना? दीड वर्ष थकलंय. बाईंना विचारू या, एकरकमी दिले तर तो सातावर मिटवेल का. लेखी घ्यायचं मात्र. त्याच्या गोड बोलण्यावर नाही जायचं. आणि एकटा तोच नाही म्हणायचं, दहा बाकी आहेत." "तू रागावली नाहीस?" मी विचारलं. "रागावले होते की," ती म्हणाली, "तीन महिने. तुमच्या दोन पँटींच्या कंबरा मुद्दाम घट्ट ठेवल्यात. तुम्हाला वाटलं तुम्ही जाड झालात."

वकीलबाई झेरॉक्सचे गरम कागद घेऊन आल्या. "मग? काही बदल?" त्यांनी निळ्या ठिपक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एक आहे," मी म्हटलं. "हिचे चार हजार नाहीत, तीन हजार दोनशे. आणि माझ्यात आठशे वाढवा. गुरुवारची नोकरी आहे." त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला, खोडलं, लिहिलं, पुन्हा बेरीज केली. "अहो, पण याने काही फरक पडत नाही. बेरीज तीच आली. तुम्ही वरच राहिलात." "हो," मी म्हटलं. "कळलं का तुम्हाला? म्हणजे दिवाळखोरी नाही. संस्थेचे हप्ते, पत्रं, पाच वर्षं." "कळलं," बायको म्हणाली, "द्या तुमचा कोट, बाहीला दोन टाके मारते. सुई आहे माझ्याकडे." वकीलबाईंनी कोट काढून देऊन टाकला, माझ्या बायकोला नाही म्हणणं अवघड असतं. मग त्यांनी संस्थेचा दुसरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. त्याच्यात मिळकतीबरोबर काम लिहायचं होतं: काय, कुठं, आठवड्याला किती तास. माझं मी एका ओळीत लिहिलं. गोदाम अठ्ठेचाळीस, रंगवाला दीड. मग पत्नीचा रकाना आला, आणि पेन थांबलं. अर्ध्या इंची पितळी एल्बो चारशे बारा आहेत. पाऊण इंची दोनशे सत्त्याण्णव. ती मशीनवर किती तास बसते हे मला माहीत नव्हतं. पुठ्ठ्यावरच्या हिशेबात भाडं होतं, वीज होती, धागा होता, आणि तास नव्हते, हे मला तिथं, गरम झेरॉक्सच्या वासात, पहिल्यांदा दिसलं.

"सांग," मी म्हटलं.

तिनं दातांनी धागा तोडला. "सगळं?"

"सगळं."

"पहाटे तुम्ही उठायच्या आधी एक तास," ती म्हणाली, "त्यात हातशिलाई. मग तुम्ही गेल्यावर साडेबारापर्यंत. काज-बटणं टीव्हीसमोर करते, ती वेगळी धरायची का? आणि मापं घ्यायला जाते तो वेळ? आणि उसवायचं काम असतं, त्याचे पैसे कुणी देत नाही, पण वेळ जातो." वकीलबाई म्हणाल्या, "धरा, सगळं धरा." ती सांगत गेली, वारांप्रमाणे, गिऱ्हाइकांप्रमाणे, मध्येच मागे जाऊन दुरुस्त करत, आणि मी लिहीत गेलो, माझ्या गोदामातल्या अक्षरात, शक्य तितकं बारीक. बुधवारपर्यंत आलो तेव्हा रकाना भरला. मी वर पाहिलं.

"मागच्या बाजूला लिहा," वकीलबाई म्हणाल्या, "सगळी कोरी आहे."